दीड फूट कमी

खांडबाऱ्याहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पूल आहे. तीन गाळ्यांचा, साधासुधा, कठड्याला पिवळे-काळे पट्टे. बघण्यासारखं त्यात काही नाही. पण हा पूल ठरल्या खर्चात का झाला नाही, हे कुणालाही विचारा, उत्तर तयार मिळेल. चहाच्या टपरीवर सांगतील, दोघा ठेकेदारांनी मिळून खाल्ला. खात्यातले सांगतील, समन्वयाचा अभाव. नवापूरचे बाकीचे ठेकेदार मान हलवून सांगतील, भागीदारीतलं काम म्हटलं की एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात अडकायचाच. सगळी हुशार माणसं. योहान गावित त्यांना ठाऊक नाही, म्हणून इतकी हुशार.

योहान नवापूर तालुक्यातला, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका डोंगरगावचा. घरची थोडी भाताची जमीन, रविवारी प्रार्थना, उरलेले दिवस मजुरी. मिसरूड फुटायच्या आत तो नवापूरला कोंबड्यांच्या शेडच्या बांधकामावर विटा वाहायला आला, आणि तिथे त्याला अजीज मिस्तरी भेटला. अजीज त्याच्याहून थोडा मोठा, बापाच्या हाताखाली तयार झालेला, हाताने नेमका आणि तोंडाने फटकळ. योहानने हट्ट करून पहिली भिंत बांधली तेव्हा अजीजने तिला ओळंबा लावला आणि सगळ्या मजुरांसमोर सांगितलं, "वाकडी शे. तोड."

योहानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने भिंत तोडली. मग अजीज बाह्या सारून त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि दोघांनी ती पुन्हा उभी केली. त्या दिवसापासून योहानच्या मनाने घेतलं की या जगात आपलं चुकलं तर तोंडावर सांगणारा एक माणूस आपल्याला मिळाला आहे. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, तोंडावर सांगणारा एखादाच, आणि योहानला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

दिवस गेले तसे दोघं आपापल्या पायांवर उभे राहिले. योहानने ठेकेदार म्हणून नोंदणी केली. अंगणवाडीच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, गावातले सिमेंटचे रस्ते घेऊ लागला. अजीजने मिक्सर घेतला, सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा जमवल्या, हाताखाली माणसं ठेवली. कामं वेगळी, पण अडीअडचणीला एकमेकांच्या दारात. योहानची बायको मारिया आणि अजीजची बायको बिबीजान यांचं तर वेगळंच मेतकूट. बिबीजान योहानला धाकट्या दिरासारखं वागवायची. तो नवापुरात आला आणि तिच्या हातचं न खाता गेला, असं कळलं तर पुढच्या वेळी त्याची हजामत ठरलेली.

पुलाचं काम निघालं तेव्हा ते एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. योहानकडे नोंदणी होती, यंत्रं नव्हती. अजीजकडे यंत्रं होती, अनुभव होता, कागद नव्हते. खात्याने दोघांनी मिळून घ्यायची मुभा ठेवली होती. दोघंही कचरत होते. बिबीजानच म्हणाली, "इतके साल एक थालीमें खाते हो, एक पूल नहीं बना सकते?" झालं, ठरलं. कागदावर मुख्य भागीदार योहान, सोबत अजीज.

काम त्यांनी कसं वाटून घेतलं ते ऐकून कुठल्याही शिकलेल्या माणसाने कपाळावर हात मारला असता. एकाने पाया करावा, दुसऱ्याने वरचं करावं, असं शहाणे लोक करतात. यांनी नदीच वाटून घेतली. अलीकडचा काठ योहानचा, पलीकडचा अजीजचा. प्रत्येकाच्या वाट्याला एक खांब. कारण काय, तर त्या त्या काठावरच्या गावांतल्या माणसांना आपापल्या काठावर मजुरी मिळावी. आणि दुसरं कारण ते बोलले नाहीत पण पाळलं: भागीदाराच्या कामाला टेप लावायचा नाही. आपल्या माणसाचं काम मोजायला जाणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. इतक्या वर्षांच्या दोस्तीत असला हलकटपणा कोण करणार?

मग दोन मिक्सर आले, कारण एकाने दुसऱ्याचा मिक्सर मागायचा म्हणजे त्याचं काम थांबवायचं. दोन राखणदार आले, दोन टँकर, दोन चुली. अजीजच्या घरच्या सेंट्रिंगच्या प्लेटा दोघांना आळीपाळीने पुरल्या असत्या. पण योहानने संकोचाने स्वतःसाठी भाड्याच्या आणल्या. ते बघून अजीजला वाटलं की याला आपल्या प्लेटा जुन्या वाटतात, कामाला कमीपणा नको, म्हणून त्यानेही आपल्या घरी ठेवून नव्या भाड्याने घेतल्या. एवढ्या भलेपणाने पैसा जातो तेवढा चोरीनेसुद्धा जात नसेल. दोघांना ते कळत होतं. पण बोलणार कोण?

खांब वर येत होते तेव्हा बिबीजान आजारी पडली. साखर होतीच, त्यातून मूत्रपिंडं गेली. अजीज तिला घेऊन सुरतच्या दवाखान्यात चकरा मारू लागला. साइट त्याच्या होळ्या नावाच्या मुकादमाने सांभाळली. होळ्या पलीकडच्या काठावरच्याच पाड्यातला, कामाला वाघ, पण मिस्तरी सांगतील तेवढंच करणारा. हिवाळा सरत आला आणि बिबीजान गेली. योहानने खांदा दिला. मूठभर माती उचलून तो तसाच उभा राहिला, तेव्हा अजीजनेच त्याचा हात धरून ती टाकायला लावली.

दुसऱ्या दिवशी योहान आपल्या काठावर उभा असताना खात्याचा तरुण इंजिनिअर आला. भाग्येश त्याचं नाव, सरळ मुलगा.

"गावित, गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं, त्याची खूण गावकऱ्यांनी दाखवली. आपला हिशोब कमी पडतोय. पूल दीड फूट उचलावा लागेल. दोन्ही खांब तेवढे वाढवा. मिस्तरींचा फोन लागत नाही."

"त्यांच्या घरी मयत झाली साहेब. मी सांगतो त्यांना."

"नक्की?"

"मी सांगतो."

तो सांगायलाच गेला होता हो. मयतानंतरची तिसऱ्या दिवसाची प्रार्थना, जियारत, होती. अजीज ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, डोळे कुठेच नाहीत. योहान त्याच्या बाजूला बसला आणि तोंड उघडायच्या आधीच त्याची जीभ अडली.

योहानच्या गावात रीत अशी, की मयताच्या घरी कामाची भाषा करायची नाही. पेरणी, बैल, मजुरी, काही नाही. गेलेल्या माणसाचं बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. घरच्या माणसाने आपल्या तोंडाने कामाचं नाव काढलं की मग इतरांनी काढायचं. त्याआधी काढलं तर गेलेल्याला घाईघाईने उंबऱ्याबाहेर ढकलल्यासारखं होतं, असं म्हातारी माणसं सांगत. योहान ठेकेदार झाला, पॅन्ट घालू लागला, मोबाइलवर बिलं पाठवू लागला, पण ही रीत त्याच्या हाडात होती. तो दिवसभर बसला. बिबीजानचं बोलला. अजीजने काम काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. पलीकडची साइट बंद आहे, होळ्याची माणसं घरी आहेत, घाई कशाची, असा त्याने मनाशी विचार केला.

अजीजच्या मोहल्ल्यात अशी काही रीत नव्हती. तिथे जियारत झाली की पुरुष माणूस कामाला लागतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. अजीजला वाटलं, योहान दिवसभर बसून काही बोलला नाही, म्हणजे साइटवर बोलण्यासारखं काही घडलेलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. असं झालं की निस्तरायला कोण येणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी योहान सकाळी साइटवर आला. त्याच्या माणसांची त्या दिवशी सुट्टी होती, राखणदारही चहा घ्यायला गेला होता. गाडी लावत असतानाच त्याला पलीकडून मिक्सरचा आवाज आला. बघतो तर अजीज परांचीवर, म्हणजे खांबाभोवतीच्या बांबूच्या मचाणावर, उभा. खांबाच्या डोक्यावर जो रुंद माथा ओततात, ज्याला सगळे कॅप म्हणतात, तो भरणं चाललं होतं. जुन्या उंचीवर. दीड फूट कमी.

योहान धावला. नदीला त्या दिवसांत घोट्याएवढं पाणी. वाळवंटातून, दगडांवरून तो निम्म्या नदीपर्यंत आला, हाक मारायला त्याने तोंडाभोवती हातही धरले. आणि तेवढ्यात त्याला अजीजचा आवाज ऐकू आला. अजीज होळ्याला शिव्या घालत होता, पूर्वीसारख्या, तोंड भरून. मग शिव्या थांबल्या आणि तो काहीतरी सांगू लागला. सिमेंटने माखलेल्या कपड्यांनिशी घरी गेलं की बिबीजान कशी दारातच अडवायची, पाण्याची बादली अंगावर कशी ओतायची, एकदा तर पाहुण्यांसमोर ओतली. सांगता सांगता अजीज हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. होळ्याही हसला. काँक्रीट बसवायच्या व्हायब्रेटरच्या घरघरीवरून ते हसू नदीत आलं.

ज्या माणसाचे डोळे तीन दिवसांपूर्वी कुठेच नव्हते, तो माणूस कामावर परत आला होता. हाताखाली त्याचं ओळखीचं काम होतं, तोंडात बायकोचं नाव होतं, आणि तो जिवंत दिसत होता. आता ओरडून काय सांगायचं त्याला? थांब, चुकलं, तोड?

योहानने हात खाली घेतले. त्याला वाटलं, एक कॅप ती काय. भरू दे त्याला. आज भरू दे. नंतर तोडू, खर्च मी माझ्या वाट्यातून घालीन, त्याला कळूही देणार नाही. असा विचार करणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणावं की काय म्हणावं, हे ज्याने त्याने ठरवावं. तो उलट्या पावली परत गेला, गाडी काढली आणि दिवसभर खांडबाऱ्याच्या बाजारात उगाच फिरत राहिला. नदीत त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

घरी जाऊन त्याने मारियाला सगळं सांगितलं. मारियाने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं.

"उद्याच जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली. "दीड फूट उचलायचंय तेही, आणि तुम्ही पाहिलंत तेही."

"सांगतो."

तो दुसऱ्या दिवशी गेला नाही, तिसऱ्या दिवशी गेला नाही. आणि अशा गोष्टी दर दिवशी सांगायला जास्त जड होतात. कॅप सुकत गेली. अजीजने तिला गोणपाट गुंडाळून पाणी मारलं, कडा स्वतः घासल्या. उभ्या आयुष्यात त्याने इतकं देखणं काम केलं नव्हतं, असं होळ्या सगळ्यांना सांगत होता. योहानने ते ऐकलं आणि जेवण टाकून उठला.

मग एके दिवशी भाग्येश आला, त्याने उंची मोजायला लेव्हल लावली आणि दोन खांब दोन उंचीचे निघाले.

"मिस्तरी, तुम्हाला सांगितलं नाही गावितांनी? दीड फूट?"

अजीजने योहानकडे पाहिलं. योहानच्या तोंडून निघालं, "मी विसरी गऊ."

खोटंच होतं ते. पण त्या क्षणी विसरणं हे त्याला सगळ्यात लहान पाप वाटलं. मी पाहिलं आणि गप्प राहिलो, हे त्याच्याने सगळ्यांसमोर बोलवेना.

भाग्येशने कॅपवर आणखी दीड फूट चढवता येईल का ते पाहिलं. येत नव्हतं, आतली सळई कापून वाकवलेली होती, वर जोड घेतला तर उद्या पुलावरून जाणारा ट्रक नदीत. तोडण्याशिवाय मार्ग नव्हता. योहान म्हणाला, माझी माणसं तोडतील. अजीज म्हणाला, "नको. मन्ही शे. मीच तोडसु." उतारवयाला लागलेल्या त्या माणसाने दगड फोडायचं यंत्र खांद्याला लावलं आणि स्वतःच्या हाताने ती कॅप फोडली. खालच्या वाळूत तुकडे पडत राहिले. योहान आपल्या काठावर उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, आपल्या छातीवरच ते यंत्र लावलं असतं तर बरं झालं असतं.

एका कॅपचा खर्च किती, असं त्याने नदीत उभं राहून म्हटलं होतं ना? ते गणित बांधकामात कधी खरं निघत नाही. मधल्या गाळ्याचे गर्डर चढवायला सुरतहून क्रेन ठरली होती. ती येऊन रिकामी परत गेली आणि पूर्ण दिवसांचं भाडं लावून गेली. प्लेटांचं भाडं दोन्ही काठांवर चालूच. तेवढ्यात होळी आली. होळीला डोंगरातला मजूर साइटवर थांबत नाही, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ढोल वाजला की फावडं तिथेच टाकून तो गावाकडे. परत आले ते निम्मेच, बाकीचे गुजरातेत जास्त रोजाने गेले. नवीन माणसं आणायची तर गाडीभाडं आणि आगाऊ पैसे. कॅप पुन्हा भरेपर्यंत नदीला पाणी आलं आणि उभं सेंट्रिंग काही वाहून गेलं, काही वाकलं. पूल चार महिने तसाच, मधला गाळा नसलेला, तोंड वासून उभा राहिला. खातं म्हणालं, वाढीव खर्च तुमच्या चुकीचा, आम्ही देणार नाही. ते त्यांच्या जागी बरोबर होतं.

अजीजने मिक्सर विकला. योहानने गाडी विकली. लोकांनी तोंडसुख घेतलं.

अजीजचा मुलगा अझरुद्दीन एकदा साइटवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "अब्बा, हाऊ माणूस काही विसरना-बिसरना नही. यानी मुद्दाम करं. आपले बुडवानं व्हतं."

अजीजने मुलाच्या कानाखाली लावायची बाकी ठेवली. "तुले काय माहीत रे? योहानले जर दखायं आसतं ना, ते तो नदी पार करीसन उना आसता, मन्हा हात धरता. तो विसरना. माणूस विसरस. मीबी तुन्ही मायना औषधं विसरनू."

योहान तिथेच होता. त्याने प्रत्येक शब्द ऐकला. लोकांच्या शिव्या त्याने सहन केल्या होत्या, अझरुद्दीनचा आरोपही केला असता. पण अजीजने त्याच्यासाठी पोटच्या पोराशी भांडावं, हे त्याला सहन होईना. त्या रविवारी तो प्रार्थनेला बसला आणि त्याला एकही ओळ म्हणता आली नाही. मारिया शेजारी बसून त्याच्याकडे बघत राहिली. घरी येताना तिने फक्त विचारलं, "अजून नाही सांगितलंत?" त्याने मान हलवली. आता सांगितलं तर अजीज जाईल, एवढंच त्याला दिसत होतं. पैसा, गाडी, नाव, सगळं गेलं तरी चालेल, हा एक माणूस जाऊ नये.

पुढच्या वर्षी पूल झाला. उद्घाटनाला दोघांनाही कुणी बोलावलं नाही.

नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी अजीज योहानच्या घरी आला. अंगणात भात वाळत घातला होता. मारियाने खाट टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. अजीज पुष्कळ थकला होता, पण चेहरा उजळ होता. तो म्हणाला की नवापुरात एक गोडाऊन बांधायचं काम निघतंय, मालक ओळखीचा आहे, दोघांनी मिळून घेऊ.

"पुन्हा मिळीसन?" योहानचा विश्वास बसेना.

"मंग? एकदाव बुडनूत म्हणीसन काय तोंड फिरावूत? आते एक मिक्सर, एक चूल." अजीज हसला. मग तो अंगणातल्या भाताकडे बघत बसला.

"योहान, एक गोष्ट कोणलेच सांगी नही शे," तो हळू आवाजात म्हणाला. "ती कॅप भरी ना, तो दिन माले याद नही. नमाज पढीसन साइटवर गऊ, इतलंच याद शे. मंग एकदम संध्याकाय. होळ्या म्हणस, मिस्तरी, तुम्ही त्या दिन गह्यरा हासनात. बायकोले माटी देईसन आठ दिन नही व्हयनात, आन मी हासनू? कसाले हासनू व्हसू मी? तवयपाशी माले झोप लागत नही. माले मन्ही लाज वाटस."

बायकोवर जीव टाकणारा हा माणूस जवळजवळ दोन वर्षं रात्रीच्या रात्री स्वतःला बेइमान समजून जागा होता, आणि जगात एकच माणूस त्याला त्यातून सोडवू शकत होता. योहानने मागचापुढचा विचार केला नाही. तो अजीजच्या गुडघ्यावर हात ठेवून भडाभडा बोलू लागला.

"आरे येड्या, तू भाभीनं नाव लिसन हासी ऱ्हायंता! ती तुन्हा आंगवर बादली वतत व्हती ना, पाव्हणास्ना समोर वती दिन्ही, ती गोष्ट सांगी ऱ्हायंता तू होळ्याले. तिन्हाच नावनं हासना तू. त्यामा लाज कसानी? मी मन्हा कानवरी आयकं."

अजीजचा चेहरा सुटला. कुणीतरी छातीवरचा धोंडा उचलून बाजूला ठेवावा तसा. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही. "बादलीनी गोष्ट," तो म्हणाला. "व्हय. व्हय. आते याद उनी." बराच वेळ तो तसाच रडत आणि हसत बसला, आणि योहानलाही वाटलं, देवाने आपल्याकडून एक तरी चांगलं काम करून घेतलं.

मग अजीजने मान वर केली.

"तुन्हा कानवरी आयकं?"

योहानचा हात गुडघ्यावरच होता. तो त्याने हळूच काढून घेतला.

"तू व्हता तठे?"

"व्हतू."

"कोठे?"

"निम्मी नदीमा. मझार."

"कॅप कितली भराई गयती?"

"आर्धी."

योहानने सगळं सांगितलं. रीत सांगितली, तोंडाभोवती धरलेले हात सांगितले, खांडबाऱ्याचा बाजार सांगितला. "तू जित्ता दखाय ऱ्हायंता रे," तो म्हणाला. "मन्हाकडथीन हाक नही मारायनी." सांगताना तो लहान पोरासारखा रडत होता. अजीजने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एकदाही मध्ये तोडलं नाही.

"मी समजनू," शेवटी तो म्हणाला. "कसम, समजनू. तुन्हा जागावर मीबी कदाचित तेच करतू. मन्हा राग नही तुन्हावर."

"मंग गोडाऊन?"

"ते व्हवाव नही, योहान." अजीजने खाटेच्या काठाला हात टेकून स्वतःला उभं केलं. "आते तू मन्हा बाजूले गप बठना, का मन्हा जीव म्हणी, याले काहीतरी दखाय ऱ्हायनं, आन हाऊ सांगी नही ऱ्हायना. आसं काम करता येत नही."

"आते सांगसु. सगळं तोंडवर सांगसु."

"तू सांगशी रे. पण माले खरं वाटाव नही."

त्याने चपला घातल्या. मारिया चहा घेऊन दारात आली तेव्हा त्याने तिच्या हातचा कप घेतला, उभ्यानेच एक घोट प्यायला, "भाभी, येस मी," म्हणाला आणि अंगणातल्या भाताला वळसा घालून मोटरसायकलीकडे गेला. गाडी सुरू झाली. उताराला लागली तेव्हा योहानला दिसलं की तिचा स्टँड खालीच राहिला आहे, पहिल्याच वळणावर दगडाला लागून गाडी उलटेल.

"अजीज! स्टँड!" तो जीव खाऊन ओरडला.

अजीजने गाडी थांबवली. खाली वाकून, हाताने चाचपून, स्टँड खरंच खाली आहे ना ते आधी पाहिलं. मग तो वर घेतला आणि मागे न बघता निघून गेला.